आमची वाटचाल: कढईतली रेती

आमचं सायकलचं दुकान वर्धा जिल्ह्यात जाम ते हिंगणघाट रोडला लागून आहे. बाबांनी टाकलं तेव्हा एक टिनाचं टपरं, एक पंप आणि पंचर पाहायला पाण्याचं घमेलं, बस. तेव्हा घरोघरी अठ्ठावीस इंची काळी सायकल होती. अ‍ॅटलस, हिरो नाहीतर हर्क्युलस. दुधाच्या कॅन, चाऱ्याचा भारा, बायको-पोट्टे, सगळं तिच्यावर. मग मोटारसायकली आल्या आणि या सायकली आधी गोठ्यात गेल्या, तिथून कबाड्याकडे. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा दिवसाला दोन-चार पंचर, तेही बाभळीच्या काट्यांच्या कृपेनं.

2017 मध्ये नागपूरचे एक गृहस्थ गाडीत हवा भरायला थांबले. टपरीमागं पडलेल्या जुन्या सायकली पाहून त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. अमेरिकन क्रूझर सायकल. जाड टायर, वरचा दांडा कमानीसारखा वळलेला, हँडल बैलाच्या शिंगांसारखं रुंद, स्प्रिंगवाली बसकी सीट. म्हणाले, ‘या भंगारातून असं होईल का?’ मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागते! त्यांनी तीन हजार बयाना ठेवला आणि गेले, मग माझी झोप गेली.

वाचत गेलो तेव्हा कळलं की 1933 मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीनं सव्वादोन इंचाला थोडा कमी, म्हणजे 2.125 इंची जाड टायर सायकलीला आणला. हवा कमी भरायची, टायरच धक्के खातो. मी बाबांना म्हटलं, ही तर आपल्या पांदण रस्त्याची सायकल! बाबा म्हणाले, ‘पावसाळ्यात काळ्या मातीत घालून पाह्य, मंग सांग.’ ते खरंच निघालं. मडगार्डमध्ये गारा अडकला की पातळ टायर काय अन् जाड काय, सायकल खांद्यावरच घ्यावी लागते.

मला वाटलं होतं, काळ्या सायकलीला जाड टायर चढवला की झालं. कबाड्याकडून सहा सायकली किलोनं उचलल्या. जाड टायर बसतो रेंजर सायकलच्या सव्वीस इंची रिमला. त्या रिमला तारांची छत्तीस भोकं, आणि जुन्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, पुढं बत्तीस, मागं चाळीस. तारा लावायच्या कुठं? हब रेंजरचेच घेतले, तर टायर चाक धरणाऱ्या मागच्या चिमट्याला घासायला लागला. रॉडचे ब्रेक अठ्ठावीस इंची रिमसाठी केलेले, ते या लहान रिमपर्यंत पोचेनात. चाक लहान झाल्यानं सगळा सांगाडा जवळपास इंचभर खाली आला, वळणावर पायडल गोट्याला लागू लागलं. शेवटी मागचा अर्धा भाग आणि पुढचा चिमटा रेंजरचा घेतला, ब्रेकही त्याच्यासोबत आले. मधला त्रिकोण तेवढा काळ्या सायकलचा राहिला. जोड गॅसवर पितळ भरून केले. आर्क वेल्डिंगनं पातळ नळीला भोक पडतं, हे दोन फ्रेमी खराब करून शिकलो.

खरी परीक्षा वरच्या कमानीची. नळी मिळाली मोडीतल्या लोखंडी खाटेची. रिकामी नळी वाकवली की घडी पडते, चपटी होते. म्हणून आत रेती ठासायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या आणि लाल करून वाकवायची. हे शेजारच्या फिटर काकांनी सांगितलं. त्यांची हयात कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. मी वणा नदीतून रेती आणली, दोन दिवस उन्हात टाकली, वाटलं झाली कोरडी. नळी तापली आणि खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटून छताला लागली. टिनाला तो पोचा अजून आहे. काकांनी हातातली चहाची कपबशीही खाली ठेवली नाही. म्हणाले, ‘रेती वली व्हती ना रे बावा. वाफ जाईन कुठी?’

दुसऱ्या दिवशी आईच्या पोह्यांच्या कढईत रेती भाजली, हात घातला तर सरसरून सुटावी इतकी. नळी उभी धरून हातोडीच्या दांड्यानं ठोकत भरली. रेती बसत जाते तसा आवाज भरीव होत जातो. तो ऐकायची सवय लागते. कमान एका दमात वळली. आईनं ती कढई काही परत घेतली नाही.

पहिली सायकल चार महिन्यांनी गेली. हिशेब केला तर नवी सायकल स्वस्त पडली असती. भंगार स्वस्त असते, पण त्यावर लागणारे हात नाही. नागपूरला हिंगण्याला पावडर कोटिंग, सीटचं चामडं, चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायला अर्धा दिवस, शिवाय एक सायकल वाटेत ट्रान्सपोर्टवाल्यानं चाक वाकवून पोचवली, तो खर्च आमच्याच अंगावर.

2020 च्या 3 जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा दिल्लीजवळच्या साहिबाबादचा कारखाना बंद पडला. आमचा कबाडी पेपर वाचते. पुढच्या खेपेला त्यानं अ‍ॅटलसच्या फ्रेमी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या आणि भाव वेगळा.

आजवर एकतीस सायकली गेल्या. काही गिऱ्हाईकं म्हणतात, श्विनचा बिल्ला लावून द्या. ते आम्ही करत नाही. काळ्या सायकलचा जो मूळ बिल्ला असेल तोच राहतो. एकानं सायकल हॉटेलच्या भिंतीला टांगली, बेअरिंगचे छर्रे-ग्रीस नवं घालून दिलं होतं मी तिला! मला ते आवडलं नाही, पण पैसे रोख होते.

आता गावातल्याच एका शेतकऱ्यानं क्रूझर सांगितली आहे. पुण्याचे लोक कॅरिअर काढून टाका म्हणतात; याला मागं दणकट कॅरिअर पाहिजे, तुरीच्या काड्यांचा भारा बसला पाहिजे. बाबा कालपासून ते कॅरिअर घेऊन बसले आहेत. मला हात लावू देत नाहीत.