वाफ्यातली मांजरं आणि कोपऱ्यातली वाळू

आमचं घर बेळगावात, वडगावला. मागं छोटं परडं आहे. दसऱ्यानंतर पाऊस उघडला की मी तिथं मेथी, कोथिंबीर आणि लाल माठाचे वाफे करते. गेल्या वर्षी थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून पालकाचा एक वाफा वाढवला. माती खुरप्यानं दोनदा भुसभुशीत केली, बी फोकलं, वर शेणखताचा हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मेथीच्या वाफ्याच्या मधोमध हातभर जागा उकरलेली. मोड फुटलेलं बी उघडं पडलेलं आणि कडेला मातीची एक ढिगुळी. ती खुरप्यानं हलवली आणि वासानंच सगळं कळलं. आठवडाभरात चारही वाफ्यांची तीच गत झाली.

मग लोक सांगतील ते करत गेले. लिंबाच्या आणि मोसंबीच्या साली पसरल्या. दोन दिवस मांजर फिरकलं नाही, साली वाळल्या आणि परत आलं. निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, त्यांच्या शेजारीच उकरलेलं सापडलं. शेजारच्या मामी म्हणाल्या, "तिखट टाक की गं." ते मात्र मी केलं नाही. मांजर पाय चाटतं, ते तिखट त्याच्या तोंडात आणि डोळ्यांत जाणार. पण डांबरगोळ्या टाकल्या, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या मांजराला विषारी असतात, शिवाय भाजीच्या मातीत त्या घालूच नयेत. संध्याकाळी बॅटरी लावून एकेक गोळी वेचून काढली.

लेक सातव्या महिन्यात घरी आली तेव्हा तिच्या डॉक्टरीणबाईंना मी हे सहज बोलले. त्यांनी लगेच विचारलं, "हिनं त्या मातीत हात घातला का?" मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. गरोदरपणात तो पहिल्यांदाच लागला तर वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. विष्ठा ताजी असताना त्याची लागण होत नाही, १ ते ५ दिवसांनी तो लागण्याजोगा होतो आणि ओल्या मातीत वर्षभरही टिकू शकतो. लेकीनं मातीकामाला हात लावायचा नाही, मी हातमोजे घालायचे, पालेभाजी चार पाण्यांनी धुऊन शिजवूनच खायची, असं ठरलं. घाण झालेल्या वाफ्यातली कोथिंबीर कच्ची वापरायची नाही म्हणून तो वाफा मी मोडलाच आणि तिथं दोडक्याचा वेल चढवला.

त्यानंतर एकदा पहाटे साडेपाचला स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. करड्या रंगाची एक मांजरी भिंतीवरून उतरली. पोट जड दिसत होतं. पालकाला मी रात्री पाणी दिलं होतं. त्या वाफ्यात तिनं एक पाय ठेवला, झटकला आणि मागं घेतला. मग कोरड्या मेथीत गेली, वास घेतला, पुढच्या पायांनी चार-पाचदा माती ओढली, बसली. उठल्यावर वळून परत हुंगलं आणि सगळीकडून माती ओढून नीट झाकून टाकलं. भाजीशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिला हवी होती कोरडी, मोकळी माती, आणि ती मीच दर आठवड्याला खुरपून तयार करत होते.

इथून काम सोपं झालं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी आणून पेरलेल्या वाफ्यावर आडवी अंथरली आणि कडा वाकवलेल्या तारेनं मातीत खोचल्या. मांजराला उकरता येत नाही, कोंब मात्र भोकांतून वर येतात. पहिल्या खेपेला माझी चूक झाली. मेथी उपटायच्या वेळेपर्यंत जाळी तशीच ठेवली, मुळं तारेत अडकली आणि निम्म्या काड्या मोडल्या. आता रोप चार बोटं झालं की जाळी काढते. तोवर पाला दाट होतो, मोकळी माती उरत नाही. दोडक्याच्या आळ्यात येळ्ळूरहून भावानं आणलेलं भाताचं पिंजर घातलं, तर मांजरी त्यावर खुशाल झोपू लागली. मग त्यात तुरीच्या वाळल्या काड्या वीतभर अंतरानं उभ्या रोवल्या, तेव्हा तिची तिथली बसण्याची जागा गेली.

पण एकीकडून हाकललं तर ती शेजारच्या वाफ्यात जाणारच. म्हणून परड्याच्या लांबच्या कोपऱ्यात, पेरूच्या पलीकडे, तीन बाय दोन फुटांचा खड्डा केला आणि बांधकामातून उरलेली वाळू भरली. वर जुना पत्रा तिरका टेकवला. तिच्या ओळखीचा वास लागावा म्हणून वाफ्यातली थोडी घाण मुद्दाम तिथं पुरली. भिंतीपलीकडच्या आक्का रोज कानडीत विचारायच्या, "बेक्कु बंतेन्री?" म्हणजे मांजर आलं का? चौथ्या दिवशी मी हो म्हणाले. वाळूत पायांच्या खुणा होत्या आणि वाफे जसेच्या तसे.

वाळू मात्र रोज साफ करावी लागते, हे टाळून चालत नाही. दिवस उलटायच्या आत घाण काढली तर त्या परजीवीला लागण्याजोगं व्हायला वेळच मिळत नाही. मी हातमोजे घालून काढते, भाजीपासून लांब खोल पुरते. खताच्या खड्ड्यात कधीच टाकत नाही.

लेक बाळंत झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मांजरीनं मामींच्या विणकामाच्या मागाच्या खोलीत तीन पिल्लं घातली. महिन्याभरानं तिनं त्यांना भिंतीच्या कडेकडेनं आणलं आणि थेट पेरूपलीकडच्या वाळूत नेलं. एक पिल्लू वाळू उकरता उकरता पत्र्याखाली गेलं, तिनं मानेला धरून बाहेर काढलं. पिल्लं सुटली की तिची नसबंदी करून घ्यायची, असं मामींनी आणि मी ठरवलंय. खर्च दोघी निम्मा निम्मा करणार आहोत.