पीएफडी गेला, आणि त्याच्याबरोबर काय गेलं?

इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर विमान उडवण्याच्या परवान्याच्या, चाचणीला परीक्षक म्हणून मी उजव्या सीटवर बसतो. त्या दिवशी डावीकडे एक विद्यार्थिनी होती. डोक्याला बाहेरचं दिसू न देणारा हूड, विमान सेस्ना १७२, समोर वेग, उंची, नकाशा असं सगळं दाखवणाऱ्या गार्मिन जी१००० चे दोन पडदे. मार्चचं ऊन तापायला लागलं होतं, त्यामुळे नागपूरच्या आसपास विमान चांगलंच हलत होतं.

गोल घड्याळांऐवजी पडदे असलेल्या काचेच्या कॉकपिटमुळे ही चाचणी सोपी झाली असं बरेच जण समजतात. मला अजिबात तसं वाटत नाही. वेगाच्या आणि उंचीच्या पट्टीशेजारी एक किरमिजी रेघ असते. आकडा ६ सेकंदांनी कुठे असेल ते ती दाखवते. हवा खडबडीत असली की ही रेघ सारखी वरखाली होते, आणि मुलं तिच्या मागे लागतात. नाक वर, नाक खाली, पॉवर वाढव, पॉवर कमी कर. हिनं पिच, म्हणजे नाकाचा कोन, धरला, पॉवर धरली आणि रेघेकडे लक्षच दिलं नाही. हे शिकवून येत नाही, खूप उडून येतं.

आयएलएसवर, म्हणजे रेडिओ संकेतांनी धावपट्टीपर्यंत आणणाऱ्या यंत्रणेवर, वळताना तिनं मोठ्यानं म्हटलं, "सुई हिरवी." पडद्यावरची मार्ग दाखवणारी सुई किरमिजी असेल तर ती जीपीएसवर चालते, हिरवी असेल तर लोकलायझरवर, म्हणजे धावपट्टीची सरळ रेघ दाखवणाऱ्या आयएलएसच्या संकेतावर. किरमिजी सुईवरच आयएलएस करायला निघालेले उमेदवार मी पाहिले आहेत, म्हणून हे दोन शब्द ऐकून बरं वाटलं.

लोकलायझर धरला, ग्लाइड स्लोप, म्हणजे उतरणीचा संकेत, धरला. वेग ९० नॉट, उतरण मिनिटाला ५०० फुटांच्या जरा आत. तेव्हा मी पीएफडीचा, म्हणजे तिच्या समोरच्या मुख्य पडद्याचा, प्रकाश पार खाली नेला.

"हा स्क्रीन गेला."

तिचा हात सरळ दोन पडद्यांमधल्या लाल बटणावर गेला. उजव्या पडद्यावर नकाशाच्या जागी क्षितिज, वेग, उंची सगळं आलं. बहुतेक उमेदवार इथे सुटकेचा श्वास टाकतात, कारण सुईसुद्धा जिथल्या तिथे असते. आणि त्यांचं चूक म्हणता येत नाही. मी फक्त प्रकाश काढून घेतलेला असतो.

ती मात्र म्हणाली, "सर, पीएफडी खरंच गेला असता तर नॅव्ह वन आणि कॉम वन पण गेले असते. ते गेलेत असं धरून चालते."

नॅव्ह म्हणजे मार्ग दाखवणारा रेडिओ, कॉम म्हणजे बोलण्याचा, आणि दोन्ही दोन-दोन असतात. सुई कशावर चालवायची ते बदलणारं सीडीआयचं बटण तिनं एकदा दाबलं, सुई नॅव्ह टूवर आली. आयएलएसची फ्रिक्वेन्सी तिथे तिनं आधीच लावून ठेवली होती, कॉम टूवर टॉवरची. सुई मधून हलली नाही.

जी१००० मध्ये रेडिओ पडद्यात नसतात. मागे दोन स्वतंत्र पेट्या असतात, आणि प्रत्येकीत एक नॅव्ह, एक कॉम आणि एक जीपीएस. पहिली पेटी पीएफडीशी बोलते, दुसरी शेजारच्या पडद्याशी. पीएफडी मेला की पहिल्या पेटीची वाट बंद होते. पेटी धडधाकट असते, पण तिचं म्हणणं उरलेल्या पडद्यापर्यंत पोचत नाही, आणि नॅव्ह वन-कॉम वनच्या चौकटींवर लाल फुली येते. ढगात, जमीन काहीशे फुटांवर असताना, नॅव्ह टूवर भलतीच फ्रिक्वेन्सी असेल तर ॲप्रोच सोडून वर जाण्याशिवाय इलाज नाही. गोल घड्याळांच्या काळात आम्ही जायरोवर चालणाऱ्या घड्याळावर रबरी झाकण चिकटवायचो. विद्यार्थ्याला काय गेलं ते दिसायचं. प्रकाश कमी करून केलेल्या नाटकात अर्धंच दिसतं, उरलेलं उमेदवाराला माहीत असावं लागतं.

नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर. अल्टिमीटर १,२०० च्या वर असताना मी तिला हूड काढायला सांगितलं. धावपट्टी बरोबर नाकासमोर होती.

खाली आल्यावर मी विचारलं, हे कुठे वाचलंस? तिनं नीबोर्डवरचा, म्हणजे मांडीला बांधलेल्या पाटीवरचा, कागद उलटा केला आणि दोन पडदे, दोन पेट्या, मधल्या रेघा असं काढून दाखवलं. पीएफडीवर काट मारली, मग पेटीकडे जाणारी रेघ खोडली. "प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी काढायला लावलं होतं, सर."

आता तोंडी परीक्षेत मी बटणांबद्दल कमी विचारतो. कोरा कागद पुढे करतो आणि हीच आकृती काढायला सांगतो. ज्याला ती जमत नाही, त्याला मी त्या दिवशी विमानाकडे नेत नाही.