तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं यूट्यूबवर असताना तबकड्या कशाला?

"अहो, सगळं यूट्यूबवर आहे. मग हा पसारा कशाला?"

विचारणारी माणसं बदलतात, प्रश्न तोच. कोणी गंमत म्हणून विचारतं, कोणी पोटमाळ्यावर आजोबांच्या रेकॉर्ड सापडल्यात, ठेवाव्यात की भंगारात द्याव्यात या विचारात असतं. इतकी वर्षं "आवड असते एकेकाची" एवढ्यावर मी सुटत आलो. आज सुटणार नाही, कारण या प्रश्नाने एकदा मला चांगलंच अडकवलंय.

पूर्वी मी छातीठोक सांगायचो की तबकडीचा आवाज जिवंत असतो. ते आता परत घेतो. बारा इंची एलपी, म्हणजे नंतरची प्लॅस्टिकची मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. कडेजवळ सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते, लेबलपाशी पोचेपर्यंत तेच २१ सेंटीमीटरवर येतं. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबायचं म्हटल्यावर वरचे बारीक स्वर तिथे फाटणारच. आता ख्यालाची मांडणी आठवा. विलंबित सुरुवातीला, म्हणजे कडेच्या ऐसपैस जागेत. द्रुत आणि ताना शेवटी, म्हणजे लेबलजवळच्या दाटीत. ज्या मिनिटासाठी लोक एलपी विकत घेत, ते मिनिट नेमकं सगळ्यात वाईट जागी. खर्जाचंही तसंच. खाच कापताना खर्ज मुद्दाम दाबावा लागतो, नाहीतर एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. वाजवताना ॲम्प्लिफायर तो पुन्हा उचलून देतो. म्हणजे तंबोऱ्याचा जो भरदार खर्ज ऐकून मी माना डोलवत होतो, तो बराचसा ॲम्प्लिफायरने भरून काढलेला. तेव्हा आवाजाचा मुद्दा सोडा.

माझी तक्रार पट्टीची आहे, म्हणजे गाणं किती उंच स्वरात ऐकू येतं त्याची. यूट्यूबवरचं जुनं गाणं ज्या पट्टीत ऐकू येतं, ती कोणी ठरवली?

एलपीच्या आधीच्या तबकड्यांचा मिनिटाला ७८ फेरे हा आकडा पक्का झाला तो १९२५ मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आल्यानंतर, आणि तोही हळूहळू. त्याआधीच्या तबकड्या ७० पासून ८२ पर्यंत कुठल्याही वेगाने घेतलेल्या सापडतात, आणि लेबलवर वेग लिहिलेला नसतो. ७५ वर घेतलेली रेकॉर्ड ७८ वर लावली की सगळे स्वर चार टक्के वर सरकतात, म्हणजे अर्ध्या स्वराचे दोन तृतीयांश. वेग ७३.६ असेल तर पुरा अर्धा स्वर: पेटीच्या काळी एकमध्ये गाणारा गवई शेजारच्या पांढरी दोनमध्ये गायला लागतो. लय वाढते, आवाज बारीक होतो, गमकेची बकरी होते. खाली लोक लिहितात, "काय चढी पट्टी होती हो जुन्या लोकांची!" थोडी होतीही. पण बाकीची करामत टर्नटेबलच्या मोटारीची असते.

खरा वेग काढायचा कसा? साथीला पेटी असेल तर षड्ज एखाद्या पट्टीवर नीट बसतो का ते आधी बघायचं. दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत असेल तर वेगाचा संशय घ्यायचा. मग एकाच बैठकीतल्या, लागोपाठ नंबरांच्या दोन-तीन रेकॉर्ड लावून बघायच्या आणि ज्या वेगाला सगळ्यांची पेटी सुरात येते तो धरायचा. यातही खोट आहे. त्या काळच्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या हिशोबाने लावलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे आपण काढलेला वेगही अंदाजच. फक्त तो कशावरून काढला ते सांगता येतं. आपल्या टर्नटेबलचा वेग तपासायला कागदी स्ट्रोब लागतो, म्हणजे रेघा आखलेली चकती: विजेच्या दिव्याखाली फिरताना रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. आपल्याकडच्या ५० सायकलच्या विजेवर ७८ साठी ७७ रेघांचा (तो खरं तर ७७.९२ दाखवतो) आणि ३३⅓ साठी १८० रेघांचा. चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत, कारण तो लुकलुकत नाही. त्यासाठी मी एक जुनी चोकवाली ट्यूबलाइट काढून टाकलेली नाही. घरच्यांची त्यावरही एक टिप्पणी असते.

वेग लिहून ठेवण्याचं महत्त्व ज्यांना कळलं, त्यांनी आपलीच एक गायिका निवडली होती. १९७७ मध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर अंतराळयानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साधारण साडेतीन मिनिटं. सुचवलं रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने. मग रेकॉर्डच मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. ही तबकडी १६⅔ च्या वेगाची. आपल्या जुन्या चार स्पीडच्या प्लेअरवर १६ चा खटका असायचा आणि तो कोणी वापरायचं नाही, तोच वेग. सोबत सुईसुद्धा पाठवली आहे, आणि झाकणावर एका फेऱ्याला लागणारा वेळ, ३.६ सेकंद, हायड्रोजनच्या अणूच्या हिशोबात कोरलेला आहे. परग्रहावर कोणी असलाच तर त्याला ती रेकॉर्ड कोणत्या वेगाने लावायची ते कळेल. इथे गल्लीतल्या माणसाला १९०८ ची रेकॉर्ड कशी लावायची ते कळायला मार्ग नाही. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ ला गेल्या, दुसरं यान सुटल्यावर अकराव्या दिवशी. आणि त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब? त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्या काळचे दुसरे मोठे गवई भास्करबुवा बखले, त्यांचीही नाही. त्यांच्याबाबतीत तुमचा प्रश्न आपोआप मिटतो, यूट्यूबवर ते नाहीतच.

सुईचं पटकन सांगतो, कारण पुढच्या आठवड्यात कोणीतरी फोन करणारच आहे. नव्या टर्नटेबलवर ७८ ची रेकॉर्ड एलपीच्या सुईने वाजवू नका. एलपीच्या सुईचं टोक १८ ते २५ मायक्रॉनचं, ७८ च्या खाचेला साधारण ७५ चं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन तिथला कचरा तेवढा वाजवते. वजन ३ ते ५ ग्रॅम ठेवा. आणि उलट, आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीच लावू नका. त्याचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन बसवलेला गोल डबा, शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो. ७८ च्या मिश्रणात दगडाची भुकटी असते, ती पोलादी पिन घासून खाचेच्या मापाची करते, म्हणून पिन एका बाजूला एकच वापरायची. प्लॅस्टिकची एलपी तिथे नांगरून निघते. बाहेरचं जग १९६० च्या सुमारास ७८ सोडून गेलं, पण वीज नसलेल्या गावांत चावीचे ग्रामोफोन चालू होते म्हणून आपल्याकडे ही तबकडी पुढे बरीच वर्षं निघत राहिली. त्यामुळे भारतात बीटल्सची गाणीसुद्धा ७८ वर छापलेली मिळतात. जगभरचे संग्राहक त्यांच्यामागे आहेत. तुमच्याकडे असेल तर मला सांगू नका, मी रागावेन.

आता ती गोष्ट. टाळत होतो.

अगदी जुन्या तबकड्यांत गाणं संपलं की गायिका स्वतःचं नाव पुकारते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं घेतलं, तिचं शेवटचं "माय नेम इज गौहर जान" सगळ्यांना ठाऊक आहे. कारण असं सांगतात की छपाई जर्मनीत हॅनोवरला व्हायची आणि तिथल्या माणसांना लेबलवर काय लिहायचं ते कळावं. कलकत्त्यात सियालदहला तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. बऱ्याच जणी नावापाठोपाठ गावही सांगत.

माझ्याकडे अशीच एक रेकॉर्ड आली. कोणाची ते सांगत नाही. दहा इंची, एकाच बाजूला गाणं, मागे पंखवाला देवदूत. लेबल कसरीने खाल्लेलं, एक अक्षर शिल्लक नाही. आम्ही तिघांनी ती एकदाच लावली. वर खरखरीचा पाऊस, खाली एक पातळ आवाज, आणि शेवटी पुकारा: "...बाई", पुढे गाव. एकाला कोल्हापूर ऐकू आलं, एकाला सोलापूर. मला नाव नीट पकडता आलं नाही आणि गावही नाही. ज्यांची रेकॉर्ड होती ते म्हणाले, "मोबाईलवर घेऊन ठेवू का?" मी म्हणालो, "छे, इतक्या खरखरीत काय घेता? आधी स्वच्छ करू, योग्य सुई लावू, मग नीट घेऊ." हे वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे.

खाचांत बुरशी होती, सगळ्यात दाट लेबलजवळ. कपाटात स्पिरीटची बाटली होती. व्हिनाइलला, म्हणजे एलपीच्या प्लॅस्टिकला, मी तेच वापरायचो, पातळ करून, आणि ते ठीकच आहे: डिस्टिल्ड पाण्यात २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, एलपी साफ निघते. हात सवयीने बाटलीकडे गेला. कापूस भिजवला आणि जिथे बुरशी जास्त तिथून, म्हणजे आतून, सुरुवात केली.

कापूस काळा झाला. पहिल्यांदा वाटलं, केवढा मळ! दुसरा घेतला, तोही काळा. मग बोटाला चिकटा लागला. तबकडी तिरकी धरली तर लेबलभोवती दोन बोटं रुंदीचा पट्टा होता, चमक गेलेला, पाटीसारखा मंद. मळ नव्हताच तो. ती रेकॉर्ड होती.

७८ ची तबकडी लाखेची असते, हे मला माहीत नव्हतं थोडंच? लाख, दगडाची भुकटी, काजळी. आणि लाख स्पिरीटमध्ये विरघळते हे फर्निचर पॉलिश करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा. तो चपडा लाख स्पिरीटमध्येच भिजत घालतो, त्यावर त्याचा धंदा चालतो. मी ते इतरांना दहा वेळा सांगितलंही होतं. लाख विरघळली की खाचेची भिंत खचते, स्पिरीट उडून गेल्यावर लाख पुन्हा कडक होते, पण वेडीवाकडी, आणि तिच्यात सुटलेली भुकटी कायमची बसते. वाळू दिली आणि लावली. अस्ताई ठीक. अंतरा ठीक, बुरशीचे टक्‌टक् आवाज सोडले तर. शेवटच्या वीस-पंचवीस सेकंदांत नुसतं वाळू चाळल्यासारखं. पुकारा त्यातच होता.

लेबलशेजारच्या मोकळ्या पट्टीत मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो. त्यावरून कंपनीच्या जुन्या याद्यांत बैठक, गाव, गायिका शोधता येते. तो मी टिपून घेतला नव्हता. आता चार अंक लागतात, पाचवा ३ आहे की ८ ते उजेड कुठून पडतो त्यावर ठरतं. सकाळी ३ असतो.

तर तुमचा प्रश्न. मी म्हणायचो, यूट्यूबवरचं गाणं म्हणजे कोणीतरी कुठल्यातरी वेगाने, कुठल्यातरी सुईने लावलेली नक्कल. तबकडी हा अस्सल कागद. ते अजूनही खरं वाटतं. वेग पुन्हा काढायचा, एकाच गाण्याचे दोन टेक (दोनदा घेतलेली ध्वनिमुद्रणं) वेगळे आहेत का ते बघायचं, तर मूळ वस्तू हातात लागते. पण त्या दिवशी कोणी खराब मोबाईलवर, पंख्याच्या आवाजात, चुकीच्या पट्टीत ते तीन मिनिटं घेतलं असतं, तर आज दहा कानांनी ऐकून कोल्हापूर की सोलापूर ते ठरलं असतं. चुकलेली पट्टी मागाहून दुरुस्त करता येते. अस्सल कागद माझ्या हातात होता आणि तो मीच पुसला. यावर कोणी म्हणेल, मग टाका की सगळं यूट्यूबवर आणि मोकळे व्हा. तेही मान्य नाही. पाचवा अंक मोबाईलमध्ये आला नसता.

तुमच्या पोटमाळ्यावरच्या रेकॉर्डना हात लावण्याआधी एक करा. दिवा मालवून टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा आणि लेबल व मोकळ्या पट्टीतले नंबर यांचे फोटो घ्या, दोन बाजूंनी उजेड पाडून दोन-दोन. मग एकदा वाजवून, खरखरीसकट, मोबाईलवर घ्या. मग धुवा: डिस्टिल्ड पाणी, लिटरला भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. भिजत घालू नका. पुन्हा साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसा आणि सावलीत उभी करून तासभर वाळवा. स्पिरीटची बाटली त्या दिवशी दुसऱ्या खोलीत ठेवा.