वयात येण्याची वेळ आणि त्याआधीची वर्षे

शालेय समुपदेशक म्हणून काम करताना मुलींच्या आयांकडून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "मला तेराव्या वर्षी पाळी आली होती, मग हिला दहाव्याच वर्षी कशी आली?" बहुतेक वेळा उत्तरही त्यांनी मनाशी ठरवलेले असते. कुणी बाहेरच्या खाण्याला दोष देते, कुणी मोबाइलला, तर कुणी मुलीच्या वजनाला. वजनाचा संबंध खराच आहे. परंतु मुलीची पहिली सात-आठ वर्षे कशी गेली, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील संशोधन वाचल्यावर मला तोही विचारायलाच हवा असे वाटू लागले आहे.

वयात येणे म्हणजे केवळ पाळी येणे नव्हे. बहुतेक मुलींमध्ये पहिली खूण असते ती स्तनाग्राखाली हाताला लागणारी लहानशी, दुखरी गाठ. अनेकदा ती आधी एकाच बाजूला येते आणि घरातली माणसे घाबरून जातात. मग उंची झपाट्याने वाढते आणि पाळी साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते. या सगळ्याची सुरुवात मेंदूतील हायपोथॅलॅमसपासून होते. तेथून जीएनआरएच नावाचे, पुढे अंडाशयांना कामाला लावणारे संप्रेरक थांबून थांबून, ठरावीक अंतराने सोडले जाते. जन्मानंतर काही महिने ही यंत्रणा जागी असते, नंतर ती वर्षानुवर्षे दबलेली राहते आणि पुढे एके दिवशी, आधी रात्रीच्या झोपेत, पुन्हा सुरू होते. ती सुरू होण्यासाठी किसपेप्टिन हे प्रथिन अत्यावश्यक असल्याचे २००३ मध्ये स्पष्ट झाले. हे 'पुन्हा सुरू होणे' कधी घडेल यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो, जुळ्यांच्या अभ्यासांनुसार निम्म्याहूनही अधिक. म्हणून आईने स्वतःच्या वयाशी तुलना करणे मुळीच चुकीचे नाही.

मात्र उरलेला वाटाही लहान नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील अनेक देशांत पहिली पाळी सोळाव्या-सतराव्या वर्षी येत असे आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे वय तेराच्या आसपास आले. चार-पाच पिढ्यांत जनुके इतकी बदलत नाहीत. बदलले ते अन्न आणि घटले ते आजार. रोझ फ्रिश या संशोधिकेने १९७०च्या दशकात शरीरातील चरबी आणि पाळी यांचा संबंध मांडला, तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे १९९४ मध्ये चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक सापडले आणि शरीरातील साठ्याची खबर मेंदूपर्यंत कशी पोहोचते, हे उलगडू लागले. उपासमार झाली की पाळी लांबते. बोस्नियातील युद्धात वेढ्यात सापडलेल्या स्रेब्रेनित्सा येथील मुलींमध्ये हेच दिसून आले.

यावरून असे वाटेल की बालपणीचे प्रत्येक दुःख पाळी लांबवत असावे. मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की व लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मानववंशशास्त्रज्ञ पॅट्रिशिया ड्रेपर यांनी १९९१ मध्ये याच्या नेमके उलट विधान केले. ज्या मुलीचे बालपण भांडणे, अनिश्चितता आणि मायेचा अभाव यांत जाते, तिचे शरीर लवकर वयात येईल, असे त्यांचे भाकीत होते. त्यामागचा युक्तिवाद उत्क्रांतीचा होता: भोवतालच्या माणसांचा आणि उद्याचा भरवसा नसेल, तर वाट पाहण्यापेक्षा लवकर प्रजननक्षम होणे जीवाच्या दृष्टीने फायद्याचे ठरत असावे. हा युक्तिवाद मला संपूर्णपणे पटतो असे नाही, कारण त्यातून मुलगी जणू काही बेत आखत आहे असा समज होतो आणि तो तिच्यावर अन्याय करणारा आहे. तरीही हे भाकीत पुरावे फारसे हाती नसताना केलेले होते आणि नंतर तपासताना ते बऱ्याच अंशी टिकले, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील दीर्घकालीन अभ्यासात कौटुंबिक कलह आणि वडिलांची अनुपस्थिती यांचा लवकर पाळी येण्याशी संबंध आढळला. २०१० मध्ये बेल्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पंधरा महिन्यांच्या वयात आईशी असलेले नाते ज्यांना सुरक्षित वाटत नव्हते, त्या मुली तुलनेने लवकर वयात आल्या. पंधरा महिन्यांचे मूल धड बोलतही नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे वजन कळते.

फिनलंडमधील अभ्यास मला सर्वांत अस्वस्थ करतो. दुसऱ्या महायुद्धात त्या देशातून सुमारे ७० हजार मुलांना आईवडिलांशिवाय, मुख्यतः स्वीडनमध्ये, अनोळखी कुटुंबांत पाठवण्यात आले. हेतू त्यांना वाचवण्याचा होता. अनेक दशकांनंतर संशोधकांनी त्यांची तुलना घरीच राहिलेल्या समवयस्कांशी केली, तेव्हा पाठवल्या गेलेल्या मुलींना पाळी लवकर आल्याचे आढळले. तिकडे अन्न अधिक मिळाले हेही एक कारण असू शकते, परंतु ताटातुटीचा आघात बाजूला सारून केवळ पोषणाकडे बोट दाखवणे मला कठीण वाटते.

या संशोधनावरील आक्षेपही तितकेच गंभीर आहेत. ज्या स्त्रीला स्वतःला पाळी लवकर आली, ती कमी वयात संसारात पडण्याची आणि तो संसार मोडण्याची शक्यता अधिक असू शकते, आणि लवकर पाळी येण्याची जनुकेही तीच मुलीला देते. मग कारण मोडलेले घर की जनुके? २००६ मधील एका अभ्यासात जुळ्या बहिणींच्या मुलींची तुलना केली, तेव्हा घरात सावत्र वडील असले की पाळी लवकर येते, हा सांगितला जाणारा परिणाम दिसेनासा झाला. त्याउलट २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रूस एलिस आणि एका सहकाऱ्याने सख्ख्या बहिणींची तुलना केली. वडील घरातून गेले तेव्हा लहान असलेल्या बहिणीला पाळी सुमारे ११ महिने लवकर आली, पण केवळ त्याच घरांत, जिथे वडिलांचे वागणे मुळातच गंभीररीत्या बिघडलेले होते. म्हणून 'वडील नाहीत' एवढ्यावरून काहीही ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकट्या आईने शांतपणे वाढवलेल्या मुलीबद्दल हे संशोधन काहीही वाईट सांगत नाही.

२०२० मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात एक महत्त्वाचा भेद पुढे आला. मारहाण, हिंसा, अत्याचार अशा धोक्याच्या अनुभवांचा संबंध लवकर वयात येण्याशी आढळला. दुर्लक्ष आणि अभाव यांचा तसा आढळला नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींच्या एका दीर्घकालीन अमेरिकी अभ्यासात स्तनांची वाढ सरासरी ८ महिने आणि जांघेतील केस १२ महिने लवकर सुरू झाल्याचे २०१७ मध्ये नोंदवले गेले. या सरासऱ्या आहेत. लवकर पाळी आली म्हणून त्या मुलीच्या घरात काही घडले असेल, असा उलटा निष्कर्ष काढणे सर्वथा चूक आहे. लवकर वयात येणाऱ्या असंख्य मुलींचे बालपण सुखाचे असते.

उपासमार आणि आघात एकाच आयुष्यात आले की चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या १९९१ मधील अभ्यासात पहिल्या पाळीचे मध्यम वय ११.६ वर्षे होते, म्हणजे स्वीडिश मुलींपेक्षाही कमी. पोहोचताना ज्या सर्वाधिक खुरटलेल्या होत्या आणि नंतर ज्यांची वाढ झपाट्याने झाली, त्यांना पाळी सर्वांत लवकर आली. आधीची भूक, नंतरची सुबत्ता आणि मधली ताटातूट यांना एकमेकांपासून वेगळे कसे काढायचे?

माझ्याकडे आलेली चौथीतील एक मुलगी संपूर्ण वेळ दप्तर छातीशी घट्ट धरून बसली होती. वर्गात ती सर्वांत उंच होती, म्हणून शिक्षक तिच्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा करत आणि तिने रडावे हे कुणालाच रुचत नसे. शरीर पुढे गेले तरी वय नऊच राहते. लवकर वयात येणाऱ्या मुलींमध्ये नैराश्याचे प्रमाण अधिक आढळते, त्यामागे मोठ्यांची ही वागणूकही असावी असे मला वाटते. पाळी जितकी लवकर येते, तितका पुढील आयुष्यातील स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो: ११७ अभ्यासांच्या विश्लेषणानुसार दर वर्षामागे सुमारे ५ टक्के.

आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ सुरू झाली, तर मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेलेच पाहिजे. हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहिले जाते, गरज असल्यास मेंदूचा एमआरआय केला जातो, आणि ठरावीक अंतराने इंजेक्शने देऊन ही प्रक्रिया काही काळ थांबवताही येते. तपासणीत आईच्या पाळीचे वय, मुलीची उंची आणि वजन यांची विचारपूस होतेच. त्याबरोबरच मुलीला झोप लागते का, घरात कुणाचा आवाज चढला की ती काय करते, तिला कुणाची भीती वाटते का, हेही कुणीतरी तिला एकटीला, सवडीने विचारावे. त्यातून अत्याचाराची शंका आली, तर आधी तिला सुरक्षित करावे लागते. पाळी लवकर का आली याचा विचार त्यानंतर.