आज दिवसभर एरिक डॉल्फी

सुट्टी होती, त्यात पाऊस. एडगार व्हारेज या संगीतकाराची ‘डेन्सिटी २१.५’ पुन्हा पुन्हा ऐकली. १९३६ची रचना, एकट्या फ्लूटसाठी. प्लॅटिनमच्या फ्लूटकरता लिहिली, म्हणून नावात त्या धातूची घनता! मध्येच सुरांसोबत फ्लूटच्या चाव्यांवर बोटं आपटल्याची टकटक ऐकू येते, तीसुद्धा मुद्दाम लिहिलेली. हीच रचना जॅझवाल्या एरिक डॉल्फीने १९६२ला कॅलिफोर्नियातल्या ओहाय महोत्सवात वाजवली. मग ओघानेच त्याचा १९६४चा ‘आउट टू लंच’ अल्बम लावला. त्यात एका ट्रॅकचं नाव चक्क ‘गॅझेलोनी’, म्हणजे नव्या धाटणीच्या रचना वाजवणारा इटालियन फ्लूटवादक. फ्लूट अशी काही उड्या मारते की आतून आवाज आला, “स्पीकर बिघडलाय का रे?” मला तर त्याच्या सॅक्सोफोनपेक्षा फ्लूटच भारी वाटते. त्याच्या बास क्लॅरिनेटच्या चाहत्यांनी खुशाल भांडायला यावं.