ट्रकखालचं बिस्किट

वर्मिलियन नावाच्या बंदरावर एक ट्रक उभा आहे. तिथं ट्रकचं काय काम, हे कुणाला ठाऊक नाही. त्या मुलखात माणसं पायी हिंडतात, फार तर सायकल. गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्रावर १९९६ साली जपानात पोकेमॉन आला, पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून त्यांच्या लढती लावायचा खेळ. त्यात कुणीतरी हा ट्रक चितारून ठेवला आणि देशोदेशीच्या पोरांनी ठरवूनच टाकलं की त्याच्याखाली म्यू नावाचा दुर्मिळ पोकेमॉन लपलाय.

म्यू खेळात होता, एवढं मात्र खरं. खेळ पुरा होत आल्यावर चाचणीसाठीचा कोड काढून टाकला, तेव्हा कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात घालायच्या खेळाच्या डबीत, ३०० बाइटांची जागा मोकळी झाली. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरनं तेवढ्यात म्यूला बसवला. (देवनागरीत ३०० बाइटांत धड दोन लांब वाक्यं मावत नाहीत.) साध्या रीतीनं खेळणाऱ्याला तो कुठंच भेटणार नव्हता. ट्रकखाली तर नाहीच.

मग २००४ मध्ये हाच खेळ गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी नव्यानं बांधून आला, फायररेड आणि लीफग्रीन या नावांनी. ट्रक जागेवरच. पण आता त्याच्याजवळ नीट धुंडाळलं की लाव्हा कुकी नावाचं एक बिस्किट हाती लागतं. आठ वर्षांपूर्वी जी पोरं इथं येऊन रिकाम्या हातानं परत गेली, त्यांच्यासाठी ठेवलेलं. जुना खेळ नवा करणाऱ्यांनी नकाशा तर लक्षात ठेवावाच, पण तो खेळणारी पोरंही लक्षात ठेवावीत, हे मला त्या बिस्किटानं पटवलं.

गंमत अशी की ते बिस्किट आमच्या हाती लागलं तेव्हा आम्हाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

कोल्हापुरात आमच्या ओळखीत कुणाकडे गेम बॉय नव्हता. होतं ते कार्टून नेटवर्कवरचं पोकेमॉन आणि राजारामपुरीच्या एका गल्लीतलं सायबर कॅफे. तिथल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरला गेम बॉयचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम, टाकून ठेवलेला. झेड म्हणजे ए बटण, एक्स म्हणजे बी, आणि स्पेसबार दाबून धरला की आख्खं जग वारं प्यायल्यासारखं पळायचं. सेटिंग चुकलं असेल तर सुरुवातीलाच कसलासा सर्किट बोर्ड बसवलेला नाही अशी पाटी यायची. खेळ चालायचा, पण सेव्ह व्हायचा नाही. ज्याला सेव्हसाठीचं ते १२८के चं सेटिंग जमायचं, तो गल्लीत डॉक्टर. सेव्हची फाइल सगळ्यांची एकाच फोल्डरात, त्यामुळं आज आपण जिथं सोडलं तिथून उद्या शिवाजी पेठेतला कुणी पुढं नेलेलं असायचं. आपला छोटा चारमँडर वाढून चारिझार्ड झालेला बघून आनंद मानायचा की रडायचं, कळायचं नाही. तेवढ्यात काउंटरवरून हाक यायची, "तास संपला रं, ऊठ की."

त्या खेळात दुसऱ्याच्या यंत्राशी जोडून अदलाबदल केल्याशिवाय हाँटर या पोकेमॉनचा वाढून गेंगार होत नाही. आमच्याकडे कुठली केबल? त्यामुळं आमच्या पिढीचे हाँटर जन्मभर हाँटरच राहिले.

आणि हे सगळं चालायचं फायररेडवर. म्हणजे जो आमचा अस्सल, पहिला, मूळ खेळ, तोच दुरुस्त करून आलेला. हिरवट पडदा आणि राखाडीच्या चार छटा आम्ही पाहिल्याच नाहीत. त्यात धावता यायचं नाही, नुसतं चालायचं, हेही नंतर वाचून कळलं. फायररेडच्या जन्माला कारणही रोखठोक होतं. २००२ सालच्या रूबी-सफायर या पोकेमॉन खेळांशी जुनी कार्ट्रिजं जोडता येत नव्हती, त्यामुळं जुने कितीतरी पोकेमॉन नव्या यंत्रावर आणायला वाटच नव्हती. ती वाट करायला जुनं गाव पुन्हा बांधलं. आठवणींचा उमाळा आम्ही मागाहून त्यात भरला, तोही उसना. कुणी 'जुनं ते सोनं' म्हणायला लागला की मी विचारतो, भावा, कुठल्या सालचं?

हाच प्रश्न सध्या गावात दुसरीकडेही फिरतोय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. तेव्हापासून प्रत्येकाच्या तोंडी एकच, होतं तसंच उभं करा. मलाही तेच पाहिजे. पण होतं तसं म्हणजे कसं? शाहू महाराजांनी बांधलेलं १९१५ चं पॅलेस थिएटर? १९५७ साली नाव बदलल्यानंतरचं? की मधल्या काळातल्या नूतनीकरणानंतरचं, जिथं आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात मावळा होऊन उभे राहिलो ते? माझ्या आजोबांचं थिएटर आणि माझं थिएटर एकाच जागी होतं, पण एक नव्हतं. गवंड्याला मात्र एकच बांधता येणार.

खेळवाल्यांचीही हीच पंचाईत. २००६ च्या डायमंड-पर्ल या पोकेमॉन खेळांचे नवे अवतार २०२१ मध्ये आले, तेव्हा त्यांनी रस्ते, घरं, पायऱ्या जवळपास चौकटीला चौकट जुळवून ठेवल्या. २००८ च्या प्लॅटिनममध्ये याच कथेत घातलेल्या सुधारणा बहुतेक सगळ्या सोडून दिल्या. इतकं सोवळं पाळलं. आणि मग अनुभवाचे गुण अख्ख्या टोळीला आपोआप वाटायची सोय अशी बसवली की ती बंदच करता येत नाही. भिंती जुन्या, चढ मात्र सपाट करून टाकलेला. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. जिथं जुन्या काळी मॅजिकार्प या दुबळ्या पोकेमॉनला गुण मिळावेत म्हणून दर लढाईत पुढं काढून लगेच मागं घ्यावं लागायचं, तिथंच त्याच्यावर जीव जडायचा. ती कटकट काढली की मॅजिकार्प वाढून होणारा बलाढ्य ग्याराडोस फुकटात मिळतो, आणि फुकटातल्या ग्याराडोसला कोण लाडाचं नाव देतं?

याउलट हार्टगोल्ड. १९९९ च्या गोल्डवरून २००९ मध्ये केलेला. त्यांनी सोयी केल्याच, रंग भरलेच, शिवाय टोळीतला पहिला पोकेमॉन तुमच्या मागून चालत येईल असं केलं. जुन्या खेळात हे नव्हतं. पण जुना खेळ खेळताना प्रत्येकाच्या मनात तो मागून चालत होताच की! यात जीबी साउंड्स नावाची वस्तूही मिळते, बरंच पुढं गेल्यावर. ती चालू केली की जवळजवळ सगळं संगीत जुन्या गेम बॉयच्या आवाजात वाजायला लागतं, पिपाणीसारखं. नव्या घरात जुना रेडिओ ठेवलाय, पाहिजे त्यानं लावावा. माझ्या मते आजवरच्या सगळ्या नूतनीकरणांत हे अव्वल, आणि यावर मी कुणाशीही रंकाळ्यावर भेळ संपेपर्यंत भांडायला तयार आहे.

भाच्याला मी जुन्या बाजारातून घेतलेला डीएस, म्हणजे गेम बॉयनंतरचं खेळयंत्र, आणि हार्टगोल्डचं कार्ट्रिज दिलं. त्याचं पोकेमॉन त्याहून नव्या स्विच या यंत्रावर सुरू झालेलं. त्याला हा खेळ पुरातन वाटतो. तरी चिकाटीनं खेळला, आणि मी पोचलो नव्हतो तिथवर पोचला. परवा त्याचं लक्ष नाही बघून मी जीबी साउंड्स चालू करून ठेवलं आणि शेजारी पेपर वाचत बसलो. खेळातल्या चेरीग्रोव्ह गावात पाऊल टाकताच त्यानं यंत्र कानाला लावलं, दोनदा हलवलं, मागनं थोपटलं.

"मामा, स्पीकर गेला ह्याचा. वॉरंटी हाय काय?"