नाकाची रेघ काढायची नाही

आषाढ, पुणे. दिवसभर ढग.

हा उजेड तैलरंगात जुन्या चित्राची नक्कल करायला उत्तम, तासातासाला बदलत नाही. वाळवायला मात्र वैरी. कोरड्या एप्रिलात पटकन सुकणारा अंबर (मातकट तपकिरी रंग) दमट हवेत रेंगाळतो.

डच चित्रकार व्हर्मीरची ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ (साधारण १६६५, हेगचं मॉरित्सहाउस संग्रहालय) आहेच जेमतेम ४४.५ × ३९ सेंटिमीटर. मूळ मापातच करावी. चित्र उतरवायला आखायच्या ३ सेंटिमीटरच्या चौकटी आडव्या बरोबर १३ बसतात. समोर मॅट कागदावरची प्रिंट हवी; मोबाइलच्या पडद्यावरचा पांढरा कुठल्याच ट्यूबमधून निघत नाही.

खालचा थर बर्न्ट अंबर आणि टर्पेंटाइनचा, वरून तेल न घालता. वर जाताना जवसाचं तेल वाढवायचं. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात.

सगळी गंमत नाकात. नाकाचा दांडा आणि पलीकडचा उजेडातला गाल यांच्यामध्ये व्हर्मीरनं रेघच ठेवलेली नाही. दोन्हींचा टोन, म्हणजे उजळपणा, एक. नाक असतं हे ठाऊक असल्यामुळे हात तिथं कड काढतोच, आणि चेहरा एकदम पुठ्ठ्याचा होतो. उपाय: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि चिमूटभर व्हर्मिलियन (शेंदरी लाल) यांचा एकच ढीग कालवून गाल आणि नाक एकाच बैठकीत रंगवायचे, ओलं असतानाच कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच फिरवायचं. वाळल्यावर सांधा मिटत नाही. मूळ चित्रात लेड व्हाइट, म्हणजे शिशाचा पांढरा, आहे. टायटॅनियम त्याहून जास्त झाकतो, म्हणून बेतानं. सावलीत काळा नको. ऑकरमध्ये काळा गेला की कातडी हिरवट दिसते. तिथं अंबर.

मोती सर्वात शेवटी, खालची मान वाळल्यावर. वर एक जाड ठिपका, खाली कॉलरचं पुसट प्रतिबिंब. बाह्यरेषा नाही, अडकवायची कडीसुद्धा नाही.

पार्श्वभूमी आज काळी दिसते, पण गडद थरावर नीळ आणि वेल्ड या पिवळ्या वनस्पतिरंगाचं हिरवं ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, होतं. ते काळानं बिघडलं. शिकायचं असेल तर हिरवं ग्लेझ चढवावंच, असं माझं मत. फक्त खालच्या गडद थरासाठीचा काळा, आयव्हरी ब्लॅक, फार सावकाश वाळतो, त्यात थोडा बर्न्ट अंबर मिसळावा. वाळेपर्यंत चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नये: अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.